हळू वाजवायचं ठरलं होतं

आमच्या बँडची बावीसच्या बावीस गाणी एकापाठोपाठ वाजवली, तर एकोणीस मिनिटांत खेळ खलास. त्यातली एकवीस टेपवर आहेत. बाविसावं नाही. ते का नाही, हे मी सोडून कुणी नीट सांगू शकणार नाही, कारण दोन्ही वेळा माती मीच खाल्ली.

बँडचं नाव 'त्रास'. ते आम्ही ठेवलेलं नाही. एका लॉण्ड्रीच्या मागच्या खोलीत आम्ही वाजवायचो आणि वरच्या मजल्यावरची बाई रोज खाली यायची. "अहो, त्रास होतो," एवढंच म्हणायची आणि जायची. चौथ्या दिवशी आमचा गिटारवाला म्हणाला, चला, बारसं झालं. तो फ्रीज दुरुस्त करायचा, अजूनही करतो, त्यामुळे आम्ही त्याला फ्रीजवालाच म्हणतो. बेसवर ताई. ती खरी बहीण आमच्या गाणाऱ्याची, पण आम्हा सगळ्यांचीच ताई झाली, कारण कान उपटायला ती एकटीच पुढे यायची. शाळेच्या प्रयोगशाळेत काम करायची. काचेच्या नळ्या जशा पुसून जागेवर ठेवायची, तशा आमच्या वायरी गुंडाळून ठेवायची. ड्रमवर मी. आणि गायला भोंगा.

गायला म्हणजे ओरडायला. भोंगा बसस्थानकावर नोकरीला होता. काचेच्या छोट्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा आहे, कुठली रद्द झाली, हे दिवसभर माईकवर सांगायचं. तिथे त्याचा आवाज इतका मऊ, की गाडी चुकलेल्या माणसालाही राग येऊ नये. आणि संध्याकाळी लॉण्ड्रीमागे तोच माणूस मानेच्या शिरा ताणून असा ओरडायचा, की वरच्या बाईची काय चूक, असं मलाच वाटायचं.

या प्रकाराला हार्डकोर पंक म्हणतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आम्ही त्याला तालीम म्हणायचो. गिटारला तीन सूर, चौथा लागला तर फ्रीजवाला माफी मागायचा. तारा वरून खालीच छेडायच्या, खालून वर कधीच नाही. त्याने मनगट सुजायचं, पण आवाजाला धार यायची. कुणी एकट्याने पुढे येऊन करामत दाखवायची नाही. गाणं सुरू झालं की थांबायचं नाही, तार तुटो नाहीतर काठी मोडो. रेकॉर्डिंग एकदाच, दुसरी संधी नाही. आणि वेग ड्रम ठरवणार, सगळ्यांनी त्याच्या मागे यायचं. दुसरे बँड गाण्याच्या मध्ये वेग उतरवायचे, लोक डोलायचे, मग परत सुसाट. आमच्याकडे ते नव्हतं. मी नाही म्हटलं होतं. मला वाटायचं, वेग कमी केला की माणूस विचार करायला लागतो, आणि विचार करायला लागला की घाबरतो.

बाविसावं गाणं 'गाडी रद्द'. भोंग्याने कामावरच लिहिलं. दिवसभर मऊ आवाजात जे सांगायचं, तेच सगळं ओरडून. "गाडी रद्द. पुढचीही रद्द. सामान उचला. वाट पाहू नका." आणि शेवटी, "आता घरी जा." बास, एवढंच गाणं. आम्ही ते नेहमी शनिवारीच आणि शेवटीच वाजवायचो, कारण त्यानंतर भोंग्याचा आवाज दीड दिवस बसायचा आणि रविवारी त्याला सुट्टी असायची. टेप करायला खोली मिळाली ती नेमकी बुधवारी. एकवीस गाणी झाल्यावर भोंगा म्हणाला, "उद्या सकाळी सहाची ड्यूटी आहे. हे पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी तो म्हणाला, "हे गाणं हळू वाजवू या. शब्द कुणाला कळतच नाहीत रे."

मी म्हटलं, "झोपवायचंय का लोकांना? मग अंगाई म्हण."

तो म्हणाला, एकदा वाजवून तर बघ. मी काठ्या फेकल्या. एक त्याच्या कपाळाला लागली. मुद्दाम नव्हती फेकली, पण तसं मी तेव्हा म्हटलं नाही. तो कपाळ चोळत माईकची वायर गुंडाळत राहिला. 'त्रास'चा इतिहास तिथे संपला. पाच वर्षं, सत्तावीस कार्यक्रम, एक टेप.

त्यानंतर सत्तावीस वर्षं मी टायरच्या दुकानात काढली. चाकाचे नट सोडवायचं मशीन कानाशी घरघरतं. निम्मे कान ड्रमने नेले होते, उरलेले त्याने नेले. भोंग्याला कधी भेटलो नाही. गावाला जायचं झालं तरी दुसऱ्या स्थानकावरून गाडी पकडायचो. कशाला उगाच, म्हणून. खरं म्हणजे लाज वाटायची.

मग एक दिवस ताई दुकानात आली. केस सगळे पांढरे, पण चालणं तेच. मी उठून स्टूल पुसलं. ती बसली नाही.

"त्याच्या गळ्यातली आवाजाची पेटी काढणार आहेत," ती म्हणाली. "वीस दिवसांनी, मंगळवारी. गाठ मोठी आहे."

मी विचारलं, "बोलतो का?"

"डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलंय. लिहून दाखवतो. मी माझ्या मनाने आले नाही हां, त्याने पाठवलंय." तिने पर्समधून जुन्या वेळापत्रकाचा कागद काढला. मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं होतं: गाडी रद्द. एकदाच. हळू.

"त्याच्या मुलीने त्याला कधी गाताना ऐकलेलं नाही," ताई म्हणाली. "जुन्या टेपवर शब्द कळत नाहीत, तिला वाटतं कुणीतरी भांडतंय. त्याला वाटतं, एक तरी गाणं तिला नीट ऐकू यावं. जेवढा आवाज उरलाय तेवढा तो यासाठी राखून ठेवतोय. एकदाच निघेल, फार तर. तू हळू वाजवशील?"

"वाजवीन," मी म्हटलं.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं नको करू."

"ताई, वाजवीन म्हटलं ना."

फ्रीजवाल्याच्या दुकानात जमायचं ठरलं. दोन रविवार तालीम आणि तिसऱ्या रविवारी सकाळी रेकॉर्डिंग. दारं निखळलेले फ्रीज भिंतीला लावून त्याने मधे जागा केली होती. भोंगा एका पालथ्या क्रेटवर बसला होता. वाळला होता, गळ्याला मफलर. मी आत आलो तसं त्याने कपाळावर बोट ठेवून दाखवलं, इथे लागली होती, आणि हसला. आवाज न करता हसला. मी आयुष्यात माफी मागितली असेल तर तेव्हा, पण तीही तोंडातल्या तोंडात, त्यामुळे त्याला ऐकू गेली की नाही, कोण जाणे.

तालमीत तो गायचा नाही. मांडीवर बोटं आपटून वेग दाखवायचा आणि ओठांनी शब्द म्हणायचा. जुन्या वेगात गाणं बावन्न सेकंदांचं होतं. त्याला हवं होतं तसं वाजवलं की एक मिनिट चाळीस. पहिल्या रविवारी मला ते वाजवणं म्हणजे ओल्या सिमेंटमधून चालणं वाटलं. हात पुढे पळायचे, मी मागे ओढायचो. दुसऱ्या रविवारी जमलं. आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. दोन ठोक्यांमधे जागा होती आणि त्या जागेत त्याचे ओठ हलताना दिसत होते. पहिल्यांदाच मला ते गाणं कळलं. स्थानकावर शेवटचा माणूस बसलाय आणि त्याला उठवायचं काम आपल्याकडे आलंय, असं ते गाणं. पंचवीस वर्षांचा असताना भोंग्याला हे कळलं होतं आणि मी त्याला अंगाई म्हण म्हटलं होतं.

आठवडाभर मी दुकानात टायरवर सराव केला. शेजारचा फिटर म्हणाला, काय हो, टायरला थोपटून झोपवताय वाटतं. मी त्यालाही उलट बोललो नाही.

तिसऱ्या रविवारी ताईने माईक लावले. रेकॉर्डिंगच्या मशीनचं लाल बटण दोनदा तपासलं, हेडफोन चढवला आणि मग बेस गळ्यात घेतला. भोंग्याने मफलर काढला. गळ्यावर डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी पेनाने केलेल्या खुणा होत्या. त्याने माझ्याकडे बघून तळहात जमिनीकडे धरला आणि दोनदा खाली दाबला. हळू. मी मान हलवली. काठ्यांवर चार मोजले, बरोबर मोजले, हव्या त्या वेगात. हे मी शपथेवर सांगतो.

आणि भोंगा ओरडला. "गाडी रद्द."

कुठून आणला तो आवाज, देव जाणे. मला वाटलं होतं, घोगरं काहीतरी निघेल. पण तो तोच होता, तसाच्या तसा, लॉण्ड्रीमागचा. मला आनंद झाला हो, दुसरं काही नाही. गेलेलं सगळं परत आलं असं वाटलं. मी डोळे मिटले आणि हात सुटले.

मला कळलंच नाही, असं म्हणणार नाही. दुसऱ्या ओळीच्या आधीच कळलं होतं की वेग वाढलाय. पण मनात आलं, त्याचा आवाज पोचतोय, पोचेल. फ्रीजवाला माझ्या मागे आला. ताईसुद्धा आली. ड्रमच्या मागे यायचं, हा नियम मीच केला होता. आणि थांबायचं नाही हाही. त्या खोलीत, त्या गोंगाटात, माझ्या असल्या कानांना स्वतःच्या झांजेपलीकडे काही ऐकू येत नव्हतं. मी शेवटपर्यंत वाजवलं. फार सुरेख वाजवलं. पन्नास सेकंदांच्या आत.

डोळे उघडले तेव्हा भोंगा क्रेटवर बसला होता. एक हात वर केलेला, तळहात माझ्याकडे. कधीपासून वर होता, ते मी विचारलं नाही. दुसरा हात गळ्यावर. तोंड उघडं होतं आणि त्यातून फक्त वारा येत होता.

ताईने हेडफोन काढून ठेवला.

"परत करू," मी म्हटलं. "परत करू, आता हळू."

भोंगा उठला. त्याने खरंच प्रयत्न केला. माईकजवळ गेला, छाती भरून घेतली. काही निघालं नाही. पुन्हा घेतली. फ्रीजवाला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ताई म्हणाली, "पुरे," आणि भावाच्या गळ्यात मफलर गुंडाळायला लागली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. ती मला बोलली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.

भोंग्याने कागद मागून घेतला आणि लिहून माझ्या हातात दिला. 'एकदम पूर्वीसारखं वाजवलंस.' तो टोमणा होता की कौतुक, मला आजतागायत कळलेलं नाही. तो कागद माझ्याकडे आहे.

त्या रविवारच्या टेपवर पहिली ओळ आहे, दुसरी अर्धी आहे. नंतर सगळा मी आहे. ताईने ती मुलीला ऐकवली का, ते मी विचारू शकत नाही.

मंगळवारी ऑपरेशन झालं. आठ दिवसांनी मी हॉस्पिटलात गेलो. त्याआधी चार दिवस लिफ्टपर्यंत जाऊन परत आलो होतो, पाचव्या दिवशी वर गेलो. गळ्याला भोक, त्यात नळी, आणि ती नळी श्वासागणिक वाजत होती. ताई खुर्चीत बसली होती. मला बघून ती उठली, खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिने रेकॉर्डिंगचं मशीन आणलं नव्हतं. आणून तरी काय करायचं होतं.

मी पलंगाजवळ बसलो. त्याच्यासमोर बोलणं बरं वाटेना. भोंग्याने उशाशी ठेवलेली पाटी घेतली. एकच शब्द लिहिला. 'वाजव.'

पलंगाशेजारी औषधं ठेवायचं पत्र्याचं कपाट होतं. मी दोन बोटं लावली. चार मोजले. आणि वाजवलं, वरातीमागून घोडं म्हणतात तसं. दोन ठोक्यांमधे जागा सोडत. डोळे उघडे ठेवून. त्याचे ओठ हलत होते. गाडी रद्द. पुढचीही रद्द. शब्दन् शब्द कळत होता. नर्स दारात आली, थांबली, निघून गेली. भिंतीवर घड्याळ होतं. एक मिनिट चाळीस सेकंद. माझा वेग एकदाही वाढला नाही.

शेवटची ओळ त्याने माझ्याकडे बघून म्हटली. आता घरी जा. मग त्याने डोळे मिटले, आणि ताई खिडकीशी उभी राहूनच, न वळता म्हणाली, "ऐकलंस ना, काय म्हणतोय तो?"