लाल मुरमाची वाट

"अक्का, ऐकायलीस का? आवाज तुटायलाय बघ."

दानेश्वरी चढणीवर मध्येच थांबली. उजाडायच्या आधीपासून ती पळत होती, त्यामुळे श्वास जागेवर यायला वेळ लागला. फोनवर कलबुर्गीहून तिचा धाकटा भाऊ महेशकुमार होता.

"बोल की. ऐकायलेय."

"शैलश्रीची आई न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलंय. आप्रेशन झालं, पर लई दिवस अंथरुणातच म्हणायलेत." शैलश्री म्हणजे महेशची बायको. "तू ये इकडं. अप्पांचं समदं तूच केलीस, तुला जमतंय. आमी दोघंबी नोकरीवर. घरात कोण बघावं?"

"पुढच्या म्हयन्यात माझी शर्यत हाय, महेश. ती झाली की पंधरा दिवस येते."

"कसली शर्यत?"

"पळायची. पन्नास किलोमीटर. बीदरकडं, माळावरनं."

महेश हसला. मग समजावणीच्या सुरात म्हणाला, "पंधरा दिवसांचं न्हाई म्हणायलो, अक्का. कायमचंच ये. संतपुरात एकटी काय करायलीस? हितं खोली हाय, माणसं हायत."

समोर लाल मुरमाचा माळ पसरला होता, मध्ये मध्ये सीताफळीची झुडपं.

अप्पांना, म्हणजे वडिलांना, लकवा झाला तेव्हा ती तिशीत होती. आधी स्थळं यायची, मग यायची बंद झाली. दिवसा अंगणवाडीतली नोकरी आणि बाकी सगळा वेळ अप्पा. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पहाटे उठून त्यांची कूस बदलावी लागायची. गेल्या वर्षी अप्पा गेले, पण तिचे डोळे त्याच वेळी उघडत राहिले. ती उठून बसायची आणि करायला काहीच नसायचं. म्हणून ती बाहेर पडू लागली. आधी नुसती चालायची. एका पहाटे थंडी फार होती म्हणून थोडी पळाली. आपलाच श्वास एवढ्या मोठ्यानं वाजतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

मग ते रोजचंच झालं. बीदरला जाऊन तिनं बूट घेतले. दुकानदारानं विचारलं, "पोराचा नंबर काय?" ती म्हणाली, "माझेच पायजेत." शेजारच्या चन्नम्मानं एकदा तिला दारातच अडवलं होतं.

"कामून पळायलीस गं? कोण मागं लागलंय का?"

"कुणीच न्हाई, मावशी."

फोन अजून कानाला होता. महेश वाट बघत होता.

"मी न्हाई यायची, महेश."

या भावाला ती आयुष्यात पहिल्यांदाच नाही म्हणत होती. तो "बरं" म्हणाला आणि फोन बंद झाला.

उतारावर तिचं पायाखाली लक्ष राहिलं नाही. सुट्या दगडावरून पाय घसरला, गुडघा सोलवटला. माळावर चिटपाखरू नव्हतं, म्हणून ती मोठ्यानं रडली. रडून झाल्यावर उठली. घर अजून लांब होतं आणि अंगणवाडीच्या वेळेला पोहोचायचं तर पळतच जायला हवं होतं. दुसरी सोय नव्हती.

त्यानंतर महेशचा फोन आला नाही. आठवड्यानं तिनंच लावला, तो शैलश्रीनं उचलला.

"आई कशा हायत गं?"

"बाई लावलोय आमी. तुमी पळा."

तिनं भावाला नाही म्हटल्याची बातमी गावात पसरली. चन्नम्मा संध्याकाळी ओट्यावर यायची, ती यायची थांबली. अंगणवाडीत मुलं असेपर्यंत बरं वाटायचं. मुलं गेली की दानेश्वरी उगाच रेंगाळायची, झाडलेली खोली पुन्हा झाडायची. एका पहाटे जाग आली तरी ती पडूनच राहिली. चुकलंच आपलं, जावं कलबुर्गीला, असं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, आज बाहेर पडलो नाही तर उद्या आपण पिशवी भरू. ती उठली. बूट घातले आणि माळाकडं निघाली.

शर्यतीच्या दिवशी हैदराबादहून, पुण्याहून लोक आले होते. घोळक्याघोळक्यानं उभे होते, एकमेकांचे फोटो काढत होते. दानेश्वरी सगळ्यांच्या मागे उभी राहिली. सुरुवात होताच बाकीचे भराभर पुढे गेले, आणि थोड्याच वेळात वाटेवर ती एकटी उरली. तिला त्याचं काही वाटलं नाही. एकटीनं पळायचीच तिला सवय होती. दुपारी पोटऱ्या आखडल्या. ती चालली, पुन्हा पळाली, एका झुडपाशी ओकली आणि तोंड पुसून पुढे निघाली.

ती पोहोचली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. शर्यतीची वेळ संपायला थोडाच अवकाश होता आणि माणसं खुर्च्या गोळा करत होती. कुणीतरी घाईघाईनं तिच्या गळ्यात पदक घातलं. ती एका दगडावर बसली. बूट काढावेत म्हणून वाकायला गेली, पण वाकताच येईना.

प्रथमोपचाराच्या तंबूतली नर्स, नागरत्ना, पाण्याच्या बाटल्या घेऊन आली आणि तिच्यासमोर खालीच बसून बुटाच्या नाड्या सोडू लागली.

"राहू द्या बाई. मी काढते," दानेश्वरी म्हणाली.

"वाकता येतंय का तुमाला? बसा गप."

नागरत्नानं बूट काढले, मोजे हळूहळू सोलून काढले. अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. तिनं पाय मांडीवर घेतला आणि वरून पाणी ओतलं. दानेश्वरीनं चटकन पाय मागं ओढला, पण नागरत्नानं घोटा घट्ट धरला होता. आपल्याला असं कुणी शेवटचं कधी धरलं होतं, ते दानेश्वरी आठवू लागली. आठवेना.

"घरचं कोण आलंय न्यायला?"

"न्हाई."

नागरत्नानं धुतलेला पाय टॉवेलवर ठेवला. दुसरा पाय दानेश्वरीनं स्वतःच पुढे केला. लालसर पाणी दगडांमधून ओघळत गेलं आणि मुरमात जिरलं.