मलमलीचा सीलबंद तागा

आमच्या बर दुबईच्या कापडाच्या दुकानात एकच वस्तू विकायला नव्हती: मलमलीचा एक जुना तागा. दुकान मोडून गावी निघालेल्या एका कच्छी म्हाताऱ्याकडून उल्हासने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तो घेतला होता. त्याच्या कडेला बटणाएवढं शिशाचं सील होतं, कापडातून आरपार दाबून बसवलेलं, वर गिरणीचा छाप. सील शाबूत म्हणजे गिरणीतून निघाल्यापासून माल कुणी उलगडलेला नाही. अबुधाबीचे फहदभाई अशा सिलांचा संग्रह करतात. ते दरवर्षी येऊन मागायचे.

उल्हास म्हणायचा, "खलास, फहदभाई. ये बिकाऊ नहीं है. मेरे ग्रँडचाइल्ड का झबला बनेगा."

नातवंडाचा तेव्हा पत्ताही नव्हता. हौसेला मोल नसतं, दुसरं काय!

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी आमच्या लेकीला, केयाला दिवस गेले, तेव्हा उल्हास पक्कड घेऊन सील फोडायलाच बसला. मी ओरडले, "बाळ रडल्याशिवाय झबलं शिवायचं नाही. हात लावशील तर बघ!" आपल्यात बाळाचे कपडे आधी करत नाहीत. बिचाऱ्याने पक्कड ठेवून दिली. मग रोज डिस्कव्हरी गार्डन्सला, केयाच्या घरी फोन.

"बेबी काय म्हणतंय?"

"किकिंग लाइक मॅड, बाबा."

आठव्या महिन्यात लाथा थांबल्या.

हॉस्पिटलमध्ये केयाने मुलीला जन्म दिला. इवलीशी नखं, नाक अगदी उल्हासचं. रडली मात्र नाही. सफा नावाच्या नर्सने मला बाजूला घेऊन विचारलं, "आंटी, बच्ची के लिए घर का कोई कपड़ा है?"

काहीच नव्हतं. मीच करू दिलं नव्हतं. त्या रीतीचा आणि माझा मला इतका राग आला की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

उल्हास तडक दुकानात गेला. परतला तेव्हा अख्खा तागा खांद्यावर होता, सील फोडलेलं. गिऱ्हाईकाकडे नुसतं बघून किती मीटर लागेल ते सांगणारा माणूस मला म्हणाला, "शालिनी, किती लागेल मला कळेना गं."

घड्यांवर कापड पिवळं पडलं होतं, पण सायीसारखं मऊ होतं. त्याने मुलीला त्यात गुंडाळलं आणि केयाच्या हातात दिलं. केयाने गाल लावून पाहिला.

"वन मोअर लेअर, बाबा. इट्स कोल्ड इन हिअर."

उल्हासने आणखी एक वेढा दिला. मग न मागता अजून एक दिला.