न सांडलेले पाणी

मित्रांनो, माझ्यावर कितीही चित्रे काढा, माझ्या अंगावर एकही रेघ उमटत नाही. ती उमटते समोरच्या संगणकाच्या पडद्यावर. मी एक जुनी चित्रपाटी आहे. दुकानात मला पेन टॅबलेट म्हणतात, पण ज्या हातांत माझे आयुष्य गेले त्यांनी मला पाटीच म्हटले, आणि मलाही तेच नाव आवडते.

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या काळ्या पृष्ठभागाखाली बारीक तारांची जाळी आहे. तिच्यातून अगदी क्षीण चुंबकीय लहरी निघतात. माझ्या पेनमध्ये बॅटरी नसते. त्याच्यातले छोटे वेटोळे याच लहरींवर चालते आणि मला उलट उत्तर देते. म्हणून पेन टेकण्याआधीच, बोटभर अंतरावरून, ते कुठे आहे हे मला कळते. टेकल्यावर हात किती दाबून चालला आहे, हेही कळते. घाबरलेला हात फार दाबतो. खात्री असलेला हात हलका असतो. इतक्या वर्षांत या नियमाला मला फारसे अपवाद दिसले नाहीत.

माझे पहिले मालक याह्या सर. त्यांचे वडील कमरोद्दीन शहागंज भागात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शहर वाढले, दुकाने वाढली, पण पाट्या छापील फ्लेक्सच्या झाल्या आणि वडिलांचा ब्रश थांबला. याह्या सरांनी मग अक्षरे रंगवण्याऐवजी चित्रे हलवायला शिकायचे ठरवले. ते हैदराबादहून अ‍ॅनिमेशन शिकून आले, येताना मला घेऊन आले, आणि औरंगपुऱ्यात एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत त्यांनी क्लास काढला.

कमरोद्दीन चाचा एकदा क्लास पाहायला आले होते. त्यांनी माझ्यावरून बोट फिरवले, मग ते बोट उजेडात धरून पाहिले.

"हाताला रंगच लागत नाय याह्या. दिवसभर काम केलं, हे घरी पटवतोस कसं?"

"घरी कुणाला पटतंय, अब्बा," याह्या सर म्हणाले. चाचा बराच वेळ हसत होते.

त्या खोलीतली वर्षे माझी कौतुकाची होती. मुले रांगेने माझ्यासमोर बसत. आधी उड्या मारणारा चेंडू, मग अर्धी भरलेली पिठाची पिशवी. "पिशवीला तोंड नाही, हात नाहीत. तरी ती रुसली आहे, हे दिसलं पाहिजे," असे सर म्हणत. पडद्यावरचे एक पाऊल पुढे पडायला किती चित्रे लागतात हे कळल्यावर निम्मी मुले पुढच्या आठवड्यात येत नसत. उरलेली मात्र खरोखर शिकत.

पुढे सरांनी मोठी, नवी पाटी घेतली आणि मी कपाटात गेले. माझी तार माझ्याच अंगाभोवती करकचून गुंडाळलेली होती. अंधारात तारेला पीळ बसतो, मित्रांनो, आणि तो नंतर सहज निघत नाही.

मला बाहेर काढले ते योगिनीसाठी. ती लेण्यांजवळच्या फर्दापूरची. तिचे वडील कारभारी मेंढरे राखायचे आणि थोडी कोरडवाहू शेती करायचे. लेणी पाहायला येणाऱ्यांना रंगीत दगड विकण्याच्या मामीच्या टपरीवर ती सुट्टीत बसायची. गिऱ्हाईक नसले की बसमधून लोक कसे उतरतात ते पाठकोऱ्या कागदांवर काढायची. कुणाची पोटरी आखडलेली, कुणी आधी पिशवी उतरवतो आणि मग स्वतः उतरतो. ते कागद घेऊन ती सरांकडे आली. तिच्याकडे स्वतःची पाटी नव्हती. सरांनी कपाट उघडले.

"सर, बिघडली तर?" तिने विचारले.

"मग काय कपाटात ठेवून हिचं लोणचं घालू? घेऊन जा. फक्त तार सैल गुंडाळत जा."

अशी मी मुकुंदवाडीला आले, दगडाबाईंच्या घरी. योगिनीने त्यांची पुढची खोली भाड्याने घेतली होती. ती लागोपाठ दुष्काळाची वर्षे होती. शहर चारी दिशांना पसरत होते, नव्या इमारतींच्या जाहिराती रस्तोरस्ती लागल्या होत्या, आणि आमच्या गल्लीत नळ मनात येईल तेव्हा येई. बाकी भरवसा टँकरचा. टँकरचा भोंगा वाजला की योगिनी पेन माझ्यावर टाकून हंडे घेऊन धावायची. कामात ती एरवी फार व्यवस्थित; पण भोंगा वाजला की केलेले काम जतन करायचेसुद्धा विसरायची.

दगडाबाई पाणी ओतत ते पाहण्यासारखे असे. हंड्याचे ओठ दुसऱ्या भांड्याच्या ओठाला टेकवायचे आणि अगदी हळू कलते करायचे. पाणी भांड्याच्या कडेने घसरत आत जायचे. आवाज नाही, शिंतोडा नाही. गल्लीतल्या सगळ्याच बाया असे ओतत. योगिनीही तसेच ओतायची. फर्दापुरातही ती तेच करत वाढली होती.

त्यांतल्याच एका वर्षी फेब्रुवारीत तिच्या वडिलांचा फोन आला. ते मेंढरे घेऊन चाऱ्यासाठी दूर गेले होते, फोनमध्ये वारा ऐकू येत होता.

"योगे, लई झालं शिकणं. वाळूजला मामाच्या कंपनीत पॅकिंगला जागा हाय. तो म्हणतोय लावून देतो."

"आबा, पाडव्यापर्यंत थांबा. तवर चित्राचं काम नाय लागलं तर मी पॅकिंगला जाते."

"बघ बरं. पाडवा म्हंजी पाडवा."

सिडकोतला एक छोटा स्टुडिओ लहान मुलांसाठी चित्रफिती बनवायचा. त्याच्या प्रमुख सगीरा मॅडम. त्यांना एकच जागा भरायची होती. त्यांनी परीक्षा म्हणून एक प्रसंग दिला: एक मुलगी घागरीतले पाणी दुसऱ्या भांड्यात ओतते आणि हसते. बस, एवढेच.

योगिनीने तो फार मन लावून काढला. मला आठवते, मुलगी काढताना तिचा हात सैल होता, पण पाण्याची धार काढताना तो एकदम सावध झाला. धार उतरली, भांडे भरले, मुलगी हसली. आम्ही दोघी खूश होतो. मला तिने पिशवीत घातले आणि आम्ही सिडकोला गेलो.

सगीरा मॅडमनी प्रसंग पाहिला.

"रेघ छान आहे तुझी. पण हे पाणी आहे की तेल?"

योगिनीने पडद्यावरची धार पुन्हा पाहिली.

"पाणी उडतं, नाचतं. लहान मुलांना तेच तर आवडतं. तुझं पाणी मान खाली घालून चाललंय, शाळेच्या रांगेत चालल्यासारखं. शनिवारी परत दाखव. त्या दिवशी मी ठरवून टाकीन."

परत येताना रिक्षात तिने मला मांडीवर घट्ट धरले होते. आपली चूक काय झाली हे तिला कळले होते, आणि म्हणूनच जास्त लागले होते. उडणारे, नाचणारे पाणी तिने जवळून फारसे पाहिलेच नव्हते. तिच्या माहितीतले सगळे पाणी कुणी तरी जपून धरलेले होते.

तिने इंटरनेटवर पाण्याच्या चित्रफिती पाहिल्या. थेंब आदळल्यावर मुकुटासारखे कडे कसे उठते, ते किती चित्रांत फुटते, हे सगळे मोजून काढले. दोन दिवसांत पडद्यावर असे पाणी उसळले की कोणत्याही परीक्षेत पास व्हावे. दगडाबाई चहा घेऊन आल्या आणि उभ्या राहून पाहू लागल्या.

"लई भारी. पण ही पोरगी येडी हाय का गं?"

"का मावशी?"

"आर्धी घागर भुईवर गेली आन् ही दात काढतीय. तिच्या आईनं बघितलं तर हाणील तिला."

योगिनीला हसू आले. मग हसू थांबले. पेन माझ्यापासून बोटभर उंच तसेच राहिले. मला ते जाणवत होते.

तेवढ्यात भोंगा वाजला. या वेळी तिने काम जतन केले, पण ती धावली नाही. दारात उभी राहून पाणी ओतणाऱ्या बायांकडे पाहत राहिली.

"हंडा कोण उचलणार? तुझा बाप?" दगडाबाई बाहेरून ओरडल्या.

ती हंडा उचलायला गेली. मात्र परत आल्यावर बसली ती थेट काम संपेपर्यंत उठली नाही. पाणी तिने पुन्हा पहिलेच घेतले, ती मान खाली घातलेली धार, तशीच्या तशी. बदलली ती मुलगी. ओतण्याआधी मुलगी पायाची बोटे जमिनीत रोवते. श्वास धरते, म्हणून खांदे वर चढतात. ओठ आत दुमडते. डावा तळवा भांड्याच्या कडेखाली धरते, एखादा थेंब चुकला तर असावा म्हणून. धार संपते, आणि घागरीच्या काठाला एक थेंब लोंबत राहतो. मुलगी तो बोटावर घेते, जिभेला लावते, धरलेला श्वास सोडते आणि मग हसते.

दगडाबाईंना तिने ते दाखवले. धार पडत असताना त्यांचेही ओठ आत दुमडले होते. मुलीने श्वास सोडला तेव्हा त्यांनीही सोडला.

"परत लाव," त्या म्हणाल्या.

शनिवारी सगीरा मॅडमनीही तीनदा लावायला सांगितले.

"पाणी तेच आहे ना? पहिलंच?"

"व्हय मॅडम, तेच."

"मग आता मला ते पाण्यासारखं का वाटतंय?"

योगिनीने जरा विचार केला. "पहिल्यांदा मी नुसतं पाणी काढलं होतं. ते कोण धरून ठेवतंय, ते काढायचं राहिलं होतं."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "सोमवारपासून ये. डबा आण. पाण्याची बाटलीही आण, इथला टँकर तुमच्याकडच्यापेक्षा लहरी आहे."

तिने जिन्यातूनच वडिलांना फोन लावला.

"आबा, काम लागलं."

"कसलं?"

"पाणी ओतायचं. चित्रातलं."

पलीकडे नुसता वारा आणि मेंढरांच्या घंटा. मग कारभारी म्हणाले, "आन् त्याचा पगार देत्यात?"

"देत्यात."

"मग ऱ्हा तिथंच. मामाला मी सांगतो."

मित्रांनो, पुढे पाऊसही पडला आणि शहरही बदलले. आता त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. योगिनी आज त्याच स्टुडिओत नव्या मुलांना शिकवते. ती स्वतः काम करते ते थेट पडद्यावर. माझ्या मधोमध एक जागा झिजून गुळगुळीत झाली आहे, आणि नवे संगणक मला ओळखत नाहीत. त्यांना माझी भाषा शिकवणारी प्रणाली आता कुणी बनवत नाही. तरी तिने मला भंगारात दिले नाही. माझ्यासाठी एक जुना संगणक चालू ठेवला आहे. तो तापतो, कुरकुरतो, पण आम्ही दोघे म्हातारे एकमेकांना चांगले ओळखतो.

नवीन आलेली मुले आधी माझ्यावरच शिकतात. माझे सांगणे त्यांना आहे, तुम्हालाही तेच. साधन जुने झाले म्हणून त्याला अंधारात कोंडू नका. त्याची धूळ पुसा, तार सैल गुंडाळा, आणि शिकायची इच्छा असलेल्या कुणाच्या तरी हाती द्या. पण एक लक्षात ठेवा. तुमचा हात कसा चालतो एवढेच मला कळते. काय काढायचे, ते मला ठाऊक नसते. ते माझ्यासमोर बसण्याआधी तुम्ही दारात उभे राहून, डोळे भरून पाहून आणायचे असते.