बोटांचा रंग

वडगावच्या यल्लाप्पांची बोटं सहसा कोरी दिसत नसत. मागावर जांभळी साडी असली की बोटं जांभळी, हिरवी असली की हिरवी. त्यांची लेक माधवी लहानपणापासून हेच बघत आली होती, आणि नेमकं तेच तिला नडलं.

माधवी बेळगावातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत संशोधन करत होती. नखाएवढी काचेची पट्टी, तिच्यावर लघवीचा एक थेंब आणि खालून प्रकाश. किडनीतून प्रथिन गळत असेल तर ते पट्टीला चिकटतं, प्रकाशात फरक पडतो आणि पडद्यावरचा आकडा चढतो. दुखणं अंगावर यायच्या कितीतरी आधी ते सापडावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. पट्टी खरं बोलते का हे ताडून बघायला धडधाकट माणसांचे नमुनेही लागत. धडधाकट म्हटल्यावर तिला आप्पाच आठवले. साठी उलटली तरी दिवसभर मागापुढं उभा राहणारा माणूस. त्यांनी लाजत लाजत बाटली आणून दिली. तिनं वर चिठ्ठी डकवली, 'निरोगी सात'.

निरोगी सातचा आकडा इतरांच्या चौपट आला. दुसऱ्या पट्टीवरही तेवढाच. माधवी जरा थबकली, मग स्वतःशीच हसली. आप्पांच्या बोटांचा कच्चा रंग बाटलीत उतरला असणार, प्रकाशावर चालणारं यंत्र रंगाला फसणारच. विणकराच्या पोरीला हे कुणी शिकवायला नको होतं. खरं तर नमुना परत मागायचा, एवढी साधी गोष्ट. पण प्रबंधाची तारीख तोंडावर आली होती. तिनं वहीतल्या आकड्यावर काट मारली, शेजारी 'रंग' असं लिहिलं आणि पुढची बाटली उघडली. घरी आल्यावर आप्पांनी विचारलं, "माझं कसं आलं गं?"

"चांगलं आलंय," ती म्हणाली.

पुढं ती बेंगळुरात नोकरीला लागली. दीड वर्षानं आप्पांचे पाय सुजायला लागले. शेजारच्या जयाबाईंनी दवाखान्यात जा म्हणून डोकं खाल्लं, पण आप्पा ऐकतील तर शपथ. लेकीच्या यंत्रानं तपासलंय म्हणत त्यांनी सगळ्यांना वाटेला लावलं. धाप लागून खाली बसले तेव्हा त्यांना उचलून नेलं, आणि तोवर दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. आधी कळलं असतं तर बरंच वाचवता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. माधवी नोकरी सोडून परत आली.

आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पडल्या पडल्या आप्पा नर्सला कौतुकानं सांगत की किडनीचं यंत्र माझ्या लेकीनं केलंय. एका मंगळवारी माधवीला ते ऐकवेना. तिनं सगळं सांगून टाकलं, आकडा, काट, रंग. एक धागा तुटला तरी माग थांबवणाऱ्या माणसाला ती हे सांगत होती, आणि तिची मान वर होत नव्हती.

आप्पांनी सुया नसलेला हात चादरीवर उताणा ठेवला. माग बंद होऊन चार महिने झाले होते, बोटं स्वच्छ होती.

"त्या दिशी बोटाला रंग न्हवता गं," ते हळू आवाजात म्हणाले. "तुझं काम म्हणून आदी लिंबानं घासलं, मग दोनदा साबण लावला. एकदा इचारायचं हुतंस."

माधवीनं त्या दिवशीचे ते हात आठवून बघितले. बाटली घेताना तिनं त्यांच्याकडं पाहिलंच नव्हतं.