हवालदारांची हिरवी पेटी

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. रंग हिरवा, दोन कड्यांपैकी एकच शाबूत, झाकणावर पुसट झालेली लाल फुली. नवी माणसं मला शेतीच्या औषधांची पेटी समजतात. समजोत बापडी.

मित्रांनो, कराडच्या गुंडा पत्रेवाल्यानं मला घडवलं, रहिमतपूरकडच्या सयाजीरावांसाठी. ते फौजेत जखमी जवानांच्या मलमपट्टीच्या कामावर होते. काय दिवस होते ते! पट्ट्या डावीकडे, कात्री उजवीकडे, टिंचरची बाटली मधोमध. दर एक तारखेला मालक सगळं बाहेर काढून पुसत, जुनं बदलत. एकदा मोठे साहेब म्हणाले, पेटी असावी तर अशी. त्या एका वाक्यावर मी कित्येक वर्षं काढली.

पुढं मालक हवालदार म्हणून पेन्शनीत आले आणि माझे दिवस फिरले. पोटात खिळे, बिजागऱ्या, मोटारीचे नट. जागा गोठ्यात, म्हशीशेजारी. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

घरात एक बोका होता. मालकीणबाईंनी, म्हणजे साळूबाईंनी, त्याचं नाव सुभेदार ठेवलं होतं; हवालदारांच्या वर कुणीतरी हवंच, असं त्यांचं म्हणणं. मालक कुरकुरत, पण पहिला घास त्यालाच घालत.

गेल्या दिवाळीच्या आधी सुभेदाराला पिसवा झाल्या. मालकांना वाटलं, म्हशीचं गोचिडाचं औषध आयतं घरात आहे, तेच लावू. साळूबाई नको नको म्हणत होत्या. पण अख्खी पलटण बरी केलेला माणूस बोक्यासाठी कुणाला विचारायला जातोय होय? त्यांनी औषध पाण्यात कालवलं आणि बोक्याच्या अंगभर चोळलं.

दोन-तीन तासांत सुभेदार लटपटू लागला. तोंडाला लाळ, अंगाला थरथर. साळूबाई घाबरून दूध घेऊन धावल्या. दुधानं विष उतरतं, असं त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. सूनबाई पूजा, विश्रामबागची, शहरात वाढलेली मुलगी, तिनं त्यांचा हात धरला.

"आत्या, तोंडात काही घालू नका. श्वासात गेलं तर जीव जाईल."

जनावरांच्या डॉक्टरांना फोन करावा, तर नंबर कुणाकडेच नाही. इकडे विचार, तिकडे विचार, त्यात अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासाचा मला आजही राग येतो. शेवटी कोरेगावचे डॉक्टर फोनवर मिळाले. म्हशीचं ते औषध मांजराला विषच, असं ते म्हणाले. कोमट पाण्यानं आणि भांड्याच्या साबणानं अंग धुवा, त्याला चाटू देऊ नका, कोरडं करून उबेत गुंडाळा आणि औषधाची बाटली घेऊन ताबडतोब निघा.

धुऊन झालं, पण न्यायचं कशात? मालक गोठ्यात आले. खिळे-नट त्यांनी खळ्ळकन जमिनीवर ओतले, मला पुसलं, झाकण सताड उघडं ठेवलं. टॉवेलात गुंडाळलेला सुभेदार माझ्यात ठेवला. पूजानं स्कूटी काढली आणि मालक मला मांडीवर घेऊन मागे बसले. वाटभर त्यांचा हात बोक्यावर होता.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. उद्यापर्यंत काही सांगता येत नाही, म्हणाले. मालक बाकावरून वाकले.

"चुकलं माझं, गड्या. इचारायला पायजे हुतं."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. माझे तर पत्रे वितळायचे राहिले.

सुभेदार तिसऱ्या दिवशी घरी आला. आता माझ्यात त्याचा टॉवेल, कापूस, स्वच्छ पट्ट्या असतात आणि आतल्या बाजूला डॉक्टरांचा नंबर ठळक लिहिला आहे. मित्रांनो, तुमच्या घरी मांजर असेल तर एवढं आजच करा. माणसाचं किंवा गुराचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला देऊ नका.

घरी आला त्या दिवशी मालक त्याच्याजवळ जायला धजत नव्हते, उंबऱ्यातच बसून राहिले. सुभेदार अशक्त पायांनी हळूहळू गेला आणि विष चोळलेल्या त्याच हाताखाली त्यानं डोकं सरकवलं. मालक घळाघळा रडले. मांजर हात पारखून घेत नाही हो. म्हणून ती काळजी आपणच घ्यायची.