कोठीतला सर्व्हर

मळवलीतल्या अकरा बंगल्यांच्या बुकिंगची आणि पाहुण्यांच्या जेवणाच्या ऑर्डरींची वेबसाइट शरच्चंद्रकाकांच्या बंगल्यातून चालते. तिथल्या कोठीत दोन लहान संगणक आहेत. एक सर्व्हर, म्हणजे जिथे वेबसाइट राहते तो. दुसरा त्याच्यापुढचा पहारेकरी, फायरवॉल. गेल्या महिन्यात इंटरनेटवरून कोणीतरी सर्व्हरमध्ये शिरलं आणि जेवणाच्या ऑर्डरीच्या पानावर रमीच्या जाहिराती झळकू लागल्या. सर्व्हरवरच्या जुन्या लिनक्सला, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीला, सुरक्षेचे अपडेट मिळणं कधीच थांबलं होतं. मी ते पाहायला हवं होतं. वेबसाइट मीच बांधली आहे. एरवी मी लोणावळ्यात कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते.

काकांचा फोन आला. “नुसरत, ही शेवटची संधी. यापुढे गोंधळ झाला तर सगळं पुण्याच्या कंपनीकडे देतो.”

कंपनी जेवण स्वतःच्या केटररकडून आणणार होती. म्हणजे बंगला सांभाळणाऱ्या रतनबाई आणि त्यांच्याबरोबर पाहुण्यांसाठी रांधणाऱ्या सात जणींचं काम जाणार होतं.

मी तक्ता केला. चार प्रकारची लिनक्स, सहा निकष, प्रत्येकाला दहापैकी गुण. पहिलं आलेलं डेबियन दोन्ही संगणकांवर बसवलं. शिवाय डिस्क अशी कुलूपबंद केली, की सुरू होताना पासवर्ड दिल्याशिवाय एक अक्षर वाचता येऊ नये. शनिवारी मी स्वतःवर फार खूश होते.

सोमवारी दुपारी वेबसाइट बंद पडली.

कोठीत पोहोचले, तर दोन्ही संगणक पासवर्डची वाट पाहत निमूट बसलेले.

“मावशी, लाइट गेली होती का?”

“न्हाई. म्याच मेन बंद केला,” रतनबाई म्हणाल्या. “पाव्हणं गेलं की मेन बंद, मग फरशी धुवायची. सुकली की चालू. वीस वर्सं झाली.”

“अहो, सर्व्हर असा बंद करायचा नसतो.”

“आन् वल्या फरशीवर मला झटका बसला, तर तुजा सर्व्हर भाकऱ्या थापनार व्हय?”

मला हसू आवरेना. माझ्या तक्त्यात सातवा निकष राहिला होता : वीज जाऊन आली आणि पासवर्ड द्यायला कोणी नसलं, तर काय होतं?

मी पासवर्ड दिला. वेबसाइट उघडली.

“झालं की चालू!” रतनबाई म्हणाल्या.

“पुढच्या सोमवारी फरशी धुणार ना?”

“धुनारच.”

काका संध्याकाळी येणार होते. हातात चार तास होते.

फायरवॉलसाठी तक्त्यातलंच दुसरं लिनक्स, अल्पाइन, घेतलं. ते इतकं आटोपशीर आहे, की छोट्या मेमरी कार्डावरून वाचून सगळं मेमरीतच चालतं; अचानक वीज गेली तरी बिघडायला फारसं काही उरत नाही. सर्व्हरवर डेबियन ठेवलं. त्याचे सुरक्षेचे अपडेट नेमाने येतात, आणि ते आपोआप बसतील अशी सोय केली. बाहेरून फक्त वेबसाइटची वाट उघडी ठेवली. डिस्कचं कुलूप काढून टाकलं. आमचा चोर तारेतून येणारा. कोठीच्या दाराला रतनबाईंचं कुलूप होतंच.

काका आले ते फोन नाचवतच. “दुपारी पुन्हा बंद होती!”

“हो. चूक माझी,” मी म्हणाले. “मावशी, मेन बंद करा.”

“अगं, अगं!” काका ओरडले.

खट्. पंखा थांबला. मी दहा आकडे मोजले आणि मान हलवली. खट्. संगणकांचे दिवे लागले. आम्ही तिघं काकांच्या फोनकडे पाहत उभे राहिलो. मी घड्याळ लावलं होतं : अठ्ठ्याऐंशी सेकंदांनी वेबसाइट उघडली. कोणी कशालाही हात लावला नव्हता.

“आता श्वास सोडा, सायेब,” रतनबाई म्हणाल्या.

काका आधी गोंधळले, मग मोठ्यानं हसले. “कंपनीला नको म्हणून कळवतो.” आणि तिथल्या तिथे, कोठीच्या उंबऱ्यात उभ्या उभ्या, त्यांनी ऑर्डरीच्या पानावर स्वतःचं रात्रीचं जेवण नोंदवलं.

रतनबाईंचा फोन वाजला. त्यांनी तो लांब धरून सावकाश वाचला.

“पिठलं, ठेचा, चार भाकऱ्या?” त्यांनी मान वर केली. “डाक्टरनी दोन सांगितल्यात. दोनच मिळत्याल.”