आमेनच्या आधी

भावानं ऑकलंडहून पेनीनाला माझ्याकडे सामोआत धाडलं. सोळा वर्षांच्या पोरीला तिसऱ्या शाळेनंही हाकललं होतं. "आत्याच्या भक्तीनं सुधारेल," म्हणे. जशा काही माझ्याकडे पोरी धुऊन मिळतात!

संध्याकाळी शंख वाजला की आमच्या गावात घरोघर प्रार्थना होते. मी डोळे मिटून देवाला तिची पापं मोठ्यानं सांगायचे. "पेनीना सिगारेट ओढते, शिव्या देते, काल मला म्हातारी घूस म्हणाली. हिचं काहीतरी बघ." ती दातओठ खायची, पण प्रार्थनेत मध्ये बोलायचं नसतं.

तीन आठवड्यांनी ती म्हणाली, "आज प्रार्थना मी करते." मनात म्हटलं, आला गुण.

"देवा, आत्या प्रवचनात डोळे मिटते ते भक्तीनं नाही, ती घोरते. आजाऱ्याला भेटायला जाते सांगून बिंगो खेळायला जाते. बीफचा डबा एकटीनं खायला पलंगाखाली लपवते."

आता मी दातओठ खाल्ले. मध्ये बोलायचं नसतं.

"तरी तिला सांभाळ. रोज माझं नाव घेऊन तुझ्यामागे कटकट करणारं दुसरं कुणी नाही मला."

"आमेन," मी म्हटलं आणि पलंगाखाली हात घातला.